विश्लेषण : फंडाची ‘एनएव्ही’ स्वतःच्या हिशेबात कशी आणायची?

समजा, एका शिक्षिकेने २०१५ मध्ये एका इक्विटी फंडाची पाच हजार युनिट प्रत्येकी ४० रुपयांना घेतली. आज त्याच युनिटचा भाव १५० रुपये आहे. मुलीचे कॉलेज सुरू होते आहे आणि फीसाठी काही युनिट विकायची आहेत. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, एवढे तिला ठाऊक आहे. मग यंदा किती युनिट विकावीत?

मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर तिने हिशेब केला : एका युनिटमागे नफा ११० रुपये, म्हणजे ११३६ युनिट, म्हणजे १ लाख ७० हजार ४०० रुपये. हिशेब चोख, पण उत्तर चुकलेले. तिला यंदा करमुक्त २ लाख ३४ हजार ३०० रुपये काढता आले असते. फरक जवळपास ६४ हजारांचा, आणि तो पडला एकाच जुन्या आकड्यामुळे : ३१ जानेवारी २०१८ या दिवशीचे त्या फंडाचे नक्त मालमत्ता मूल्य, अर्थात एनएव्ही.

तो आकडा समजा ७० रुपये होता. इक्विटी फंडांवरचा दीर्घकालीन नफा २०१८ च्या अर्थसंकल्पाने पुन्हा करपात्र केला, तेव्हा त्याआधीच्या वाढीला संरक्षण दिले. त्यामुळे ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या युनिटसाठी प्रत्यक्ष खरेदी किंमत ४० असली, तरी करासाठी ती ७० धरायची (विक्रीचा भाव ७० पेक्षा कमी असेल तर तेवढीच, पण मूळ खरेदी किमतीखाली नाही). नफा युनिटमागे ८० उरतो आणि १५६२ युनिट विकता येतात. पाचही हजार युनिट एकदम विकली, तर करपात्र नफ्यात दीड लाखाचा फरक पडतो. सध्याच्या १२.५ टक्के दराने तो कर १८,७५० रुपये होतो, उपकर वेगळा.

हा आकडा कोणी लपवून ठेवलेला नाही. तो, आणि रोजचा प्रत्येक फंडाचा भाव, फुकट उतरवून घेता येतो. त्यासाठी ना लॉगिन लागते, ना ॲप, ना पॅन क्रमांक.

फाइल कुठे असते, कशी असते?

म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना म्हणजे ‘ॲम्फी’. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या संकेतस्थळावर सर्व योजनांचे ताजे भाव एका साध्या मजकूर फाइलमध्ये रोज ठेवले जातात. फाइलचे नाव ‘एनएव्हीऑल’. उघडली की दिसायला ओबडधोबड : हजारो ओळी, रंग नाही, आलेख नाही. पण प्रत्येक ओळीत अर्धविरामाने तोडलेले सहा रकाने ठरलेल्या क्रमाने असतात. आधी योजनेचा सांकेतिक क्रमांक, मग दोन रकाने आयएसआयएनचे, चौथे योजनेचे नाव, पाचवी एनएव्ही आणि सहावी तारीख.

फंड एवढे नसताना ओळी हजारो कशा? कारण एकाच योजनेचे डायरेक्ट आणि रेग्युलर असे दोन प्लॅन, त्यात पुन्हा ग्रोथ आणि लाभांशाचे पर्याय, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. बहुतेकांचा हिशेब बिघडतो तो इथेच. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून आले. त्यात वितरकाचे कमिशन नसल्याने त्यांची एनएव्ही हळूहळू रेग्युलरच्या पुढे जात राहते. एजंटाकडून घेतलेल्या रेग्युलर युनिटसमोर डायरेक्टचा भाव चिकटवला, तर संपत्ती आहे त्याहून फुगलेली दिसते. वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आकडा वाढलेला पाहून कोण तक्रार करतो?

म्हणून योजना नावाने शोधू नये. नावे बदलतात. ‘सेबी’ने ऑक्टोबर २०१७ मध्ये योजनांचे वर्गीकरण सक्तीचे केल्यावर पुढच्या वर्षी अनेक योजनांची नावे बदलली, काही एकमेकींत विलीन झाल्या. पूर्वी ‘डिव्हिडंड’ म्हटला जाणारा पर्याय एप्रिल २०२१ पासून ‘आयडीसीडब्ल्यू’ झाला. तुमच्या खाते उताऱ्यावर प्रत्येक योजनेसमोर बारा अक्षरांचा आयएसआयएन छापलेला असतो. भारतीय फंडांसाठी तो ‘आयएनएफ’ने सुरू होतो. तो फाइलमध्ये शोधा आणि त्या ओळीच्या सुरुवातीचा सांकेतिक क्रमांक टिपून ठेवा. हे काम एकदाच करायचे आहे.

शीटमध्ये कशी बसवायची?

गूगल शीट्स मोबाइलवर वापरता येते, पण पहिली मांडणी संगणकावर करावी. फोनवर हजारो ओळी चिकटवणे म्हणजे अंगठ्याला शिक्षा. फाइलचा मजकूर एका पानावर चिकटवा आणि ‘डेटा’ मेनूतील ‘स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्स’ वापरून अर्धविरामावर रकाने तोडा. या पानाला ‘भाव’ असे नाव द्या. दुसऱ्या पानावर आपल्या योजनांचे क्रमांक आणि त्यांच्यासमोर युनिट लिहा. मग ‘व्हीलूकअप’ सूत्राने क्रमांक शोधायला सांगून पाचव्या रकान्यातील आकडा मागवा. सूत्राच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरू नका. नाहीतर तंतोतंत जुळणारा क्रमांक नसेल तेव्हा सूत्र जवळपासचा दुसराच फंड गुपचूप उचलून देईल.

याच सूत्राने सहावा रकाना, म्हणजे तारीखही शेजारी आणा. अनेकांना ती अनावश्यक वाटते, पण बंद पडलेल्या किंवा विलीन झालेल्या योजनेचा जुना भाव तुमच्या शीटमध्ये मुकाट बसून राहू शकतो आणि तो ओळखण्याची खूण तारीख हीच. सूत्र चालतच नसेल, तर बहुधा एका पानावर क्रमांक ‘संख्या’ म्हणून आणि दुसऱ्यावर ‘मजकूर’ म्हणून बसलेला असतो. दोन्हीकडचे स्वरूप एकच केले की गाडी चालू होते.

संगणकावर पूर्ण जमाखर्च ठेवणाऱ्यांसाठी ‘ग्नूकॅश’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ‘फायनान्स कोट’ नावाच्या जोडप्रणालीतून ते भाव स्वतः आणते. त्यात भारतीय फंडांसाठी ‘इंडिया म्युच्युअल’ हा स्रोत निवडायचा आणि चिन्हाच्या जागी ॲम्फीचा क्रमांक लिहायचा. पण अशा आपोआप येणाऱ्या भावांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये याहूने भाव उतरवून घेण्याची जुनी मोफत सोय बंद केली आणि तिच्यावर चालणारी जगभरातील सॉफ्टवेअर व शीट्स एका दिवसात आंधळी झाली. मायक्रोसॉफ्टचे ‘मनी’ तर त्याआधीच गुंडाळले गेले होते. त्यामानाने साध्या मजकूर फाइलचा फायदा असा, की ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

जुना भाव कसा मिळवायचा?

ॲम्फीच्याच संकेतस्थळावर एनएव्हीचा इतिहास मिळतो. एका वेळी ९० दिवसांपर्यंतचीच मुदत मागता येते, त्यामुळे दहा वर्षांचा इतिहास हवा असेल तर तुकडे जोडत बसावे लागते. करासाठी मात्र एकच दिवस पुरतो. दोन्ही तारखांच्या जागी ३१ जानेवारी २०१८ भरा, फंड कंपनी निवडा आणि आपली योजना शोधा. तेव्हाचे नाव आजच्यापेक्षा वेगळे असू शकते, इथे टिपलेला क्रमांक कामी येतो. योजना विलीन झाली असेल तर युनिटची संख्या आणि भाव दोन्ही बदललेले असतात. तो हिशेब सनदी लेखापालांना दाखवावा हे बरे.

‘कॅम्स’ आणि ‘केफिनटेक’ या निबंधक संस्थांच्या भांडवली नफा अहवालातही हा जुना भाव असतो आणि विवरणपत्र भरताना तोच हाताशी धरावा. मात्र तो अहवाल विक्री झाल्यावरची गोष्ट सांगतो. किती विकायचे हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि तिथे स्वतःची शीट लागते. विक्रीत आधी घेतलेली युनिट आधी गेली असे धरले जाते, म्हणून प्रत्येक खरेदीची ओळ तारखेसह वेगळी ठेवा. सगळ्यांची सरासरी किंमत काढून ठेवली तर हा हिशेब करता येत नाही.

पैशा-पैशाचा फरक का पडतो?

शीट तयार झाली की पहिली तक्रार ठरलेली : पाच हजारांच्या एसआयपीला त्या दिवसाच्या भावाने भागले, तर युनिट उताऱ्याशी जुळत नाहीत. कारण जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते. पाच हजारांवर ते २५ पैसे. म्हणजे भागायचे ४,९९९.७५ रुपयांना. शिवाय फेब्रुवारी २०२१ पासून पैसे फंडाकडे प्रत्यक्ष पोहोचतील त्या दिवसाची एनएव्ही लागते, तुमच्या खात्यातून वजा झाल्याच्या दिवसाची नव्हे. त्यामुळे युनिट स्वतः काढत बसू नयेत, उताऱ्यावरून उतरवून घ्यावीत.

लाभांशाचा पर्याय घेतलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. लाभांश दिला की एनएव्ही तेवढी खाली येते. शीटमध्ये फक्त भाव असेल तर फंड तोट्यात दिसतो, आणि खात्यात आलेली रक्कम बिचारी हिशेबाबाहेर राहते. ती वेगळ्या ओळीत तारखेसह नोंदवली आणि मग ‘एक्सआयआरआर’ सूत्र लावले, तरच खरा परतावा कळतो.

ॲप असताना हा खटाटोप कशाला?

ॲप सोपे आहे यात वाद नाही. पण गुंतवणूक एकत्र दाखवणारी काही मोफत ॲप्स उतारे शोधण्यासाठी तुमचा ईमेल वाचण्याची परवानगी मागतात. त्या ईमेलमध्ये फंडाच्या उताऱ्यांबरोबर बँकेची पत्रे, विम्याचे हप्ते, डॉक्टरांचे अहवाल सगळेच असते. वास्तविक भाव ही सार्वजनिक गोष्ट आहे आणि तुमच्याकडे किती युनिट आहेत ही खासगी. फाइल उतरवून घेताना तुम्ही फक्त पहिली गोष्ट बाहेरून आणता, दुसरी तुमच्या शीटमधून कुठेच जात नाही. एकत्रित उतारा निबंधकांच्या संकेतस्थळावरून मागवता येतो आणि त्याचा पासवर्डही तुम्हीच ठरवता.

ही शीट रोज उघडण्याची गरज नाही, महिन्यातून एकदा भाव बदलले तरी पुरे. फक्त वेळ सांभाळा. बहुतेक योजनांना त्या दिवसाची एनएव्ही रात्री अकरापर्यंत जाहीर करायची मुभा असते. संध्याकाळी सातला फाइल उतरवली, तर काही ओळी आजच्या आणि काही कालच्या निघतील. परदेशात गुंतवणाऱ्या योजना आणि ‘फंड ऑफ फंड्स’ यांना तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतची मुदत आहे. तेव्हा सकाळी साडेदहानंतर, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर फाइल उतरवली की आदल्या दिवसाचे भाव बहुतेक सगळे एकाच तारखेचे मिळतात.