मोटार चालू, पण पाणी नाही
लेखमाला : चष्म्याआतला खेळ – भाग 6

भाचा संगमनेरला इंजिनिअरिंगला आहे. गणपतीच्या सुट्टीत राजूरला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत मित्राकडून आणलेला व्हीआर हेडसेट होता. गाड्यांच्या शर्यतीचा नेहमीचा गेम त्याला हेडसेटमधून खेळायचा होता. लॅपटॉपच्या पडद्यावर गाडी पळत होती आणि हेडसेटमध्ये मात्र काळोख. दोन तासांत त्याने गेम हेडसेटमध्ये दाखवणारं जोड-सॉफ्टवेअर तीन वेळा काढलं आणि तीन वेळा पुन्हा बसवलं. शेवटी म्हणाला, “मामा, हे सॉफ्टवेअरच खराब आहे. तुम्ही नका नादी लागू याच्या.”

माझे वडील ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी आतल्या बाजूला वळून विचारलं, “मोटार चालूये आन् पाणी येत नाही, एवढंच ना? मग मोटार कशाला बदलतो रे?”

त्यांना हेडसेट म्हणजे काय ते माहीत नाही, पण दुरुस्तीची रीत त्यांनी बरोबर सांगितली होती. विहिरीवरची मोटार पाणी देईना झाली की शेतकरी आधी डीपीवर लाइट आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटारीचा आवाज येतोय पण पाणी नाही, म्हणजे हवा धरली किंवा फूटव्हॉल्व्ह गेला. तो उगमापासून एकेक टप्पा तपासत येतो आणि पाणी जिथे अडलं तिथे थांबतो. सगळं एकदम खोलून ठेवत नाही. आजचा भाग याच कामाचा आहे.

मागच्या भागात आपण पाहिलं की साधा गेम एकाच डोळ्यासाठी बनवलेला असतो. 2013 मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला 2’ त्रिमितीत आला, तेव्हा दोन्ही डोळ्यांची दोन चित्रं चित्रपट करणाऱ्यांनीच तयार ठेवली होती. चष्म्याला फक्त ती वेगळी करायची होती. त्याच वर्षी ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटचा पहिला संच प्रोग्रॅमरांच्या हातात पडला आणि त्याच्या पाठोपाठ वोर्पएक्स नावाचं जोड-सॉफ्टवेअर आलं. त्याच्यापुढचं काम अवघड होतं. गेमने एकच चित्र काढलेलं असताना दुसऱ्या डोळ्याचं चित्र आणायचं कुठून? पुढे 2024 च्या सुरुवातीला ‘प्रेडॉग’ या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने यूईव्हीआर हे मोफत सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. गेम बनवायच्या अनरीयल इंजिनच्या चौथ्या-पाचव्या पिढीवर बनलेले असंख्य गेम त्यामुळे हेडसेटमध्ये उघडता येऊ लागले.

दोन्हींची मूळ युक्ती एकच आहे. गेम चित्र काढण्याचे हुकूम विंडोजमधल्या डायरेक्टएक्स या यंत्रणेकडे पाठवत असतो. हे सॉफ्टवेअर चालू गेमच्या आत शिरतं आणि ते हुकूम वाटेत अडवतं. पाटाचं वाहतं पाणी दारं मोडून आपल्या वाफ्यात वळवावं, तसं. वळवलेलं चित्र पुढे रनटाइमकडे जातं, म्हणजे स्टीमव्हीआर किंवा हेडसेटच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. तिथून ते केबलने किंवा वायफायने हेडसेटमध्ये आणि शेवटी डोळ्यांत पोचतं. बिघाड या वाटेवर कुठेही होऊ शकतो, म्हणून आधी तो कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवायचं.

त्यासाठी आपल्याकडे टेस्टर आहे. वोर्पएक्सचा मेनू डिलीट कळीने उघडतो आणि यूईव्हीआरचा इन्सर्ट कळीने. गेम चालू असताना ही कळ दाबा. मेनू आला, तर दारं मोडलंय, पाणी वळलंय आणि अडचण पुढे आहे. मेनूच आला नाही, तर सॉफ्टवेअर गेमच्या आत शिरलेलंच नाही. मग रनटाइम, केबल, वायफाय यांना हात लावून उपयोग नाही. मी ज्यांना ज्यांना मदत केली, त्यांतल्या बहुतेकांनी ही एक कळ दाबून पाहण्याआधीच निम्म्या सेटिंग उलट्यापालट्या केलेल्या होत्या.

भाच्याच्या लॅपटॉपवर मेनू येत नव्हता. कारण साधं होतं. कधीतरी जुन्या अडचणीवर उपाय म्हणून त्याने गेमच्या फाइलवर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ची खूण करून ठेवली होती आणि जोड-सॉफ्टवेअर साध्या अधिकाराने चालत होतं. कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या प्रोग्रॅममध्ये विंडोज शिरू देत नाही. सुरक्षेसाठी हा नियम योग्यच आहे. आम्ही गेमवरची खूण काढली आणि मेनू उघडला. दोघांनाही अॅडमिनिस्ट्रेटर करूनही हे जमलं असतं, पण गरज नसताना प्रोग्रॅमच्या हाती जास्त अधिकार देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअर आत न शिरण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे गर्दी. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दाखवणारे, खेळ रेकॉर्ड करणारे, गप्पांची खिडकी वर तरंगती ठेवणारे प्रोग्रॅमही तेच हुकूम अडवत असतात. एकाच दाऱ्यावर तिघांनी फावडी टाकली, तर पाणी कुणाच्याच वाफ्यात धड जात नाही. ते सगळे बंद करून पाहा. तिसरं कारण अँटिव्हायरस. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये शिरणं हे व्हायरसचंही लक्षण असल्यामुळे तो अशी फाइल गुपचूप उचलून बाजूला टाकतो. म्हणून सॉफ्टवेअर मूळ कर्त्याकडूनच घ्या आणि सूट द्यायची ती त्या एका फोल्डरलाच द्या. अँटिव्हायरस पूर्ण बंद करा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

मेनू आला, लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित आहे आणि तरीही हेडसेट काळा, तर रनटाइम पाहायचा. वेगवेगळ्या हेडसेटना एकच भाषा असावी म्हणून ख्रोनोस या संस्थेने जुलै 2019 मध्ये ओपनएक्सआर हे मानक आणलं. त्याची एक गंमत लक्षात ठेवा. संगणकावर दोन-तीन रनटाइम बसवलेले असले, तरी ओपनएक्सआरसाठी ‘चालू’ म्हणून नोंद एकाचीच असते. हेडसेट क्वेस्ट असेल आणि त्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून जोडलेला असेल, पण नोंद स्टीमव्हीआरची असेल, तर चित्र भलत्याच वाटेला लागू शकतं. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये आणि हेडसेटच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही ही नोंद बदलायची सोय असते. बदल केल्यावर गेम बंद करून पुन्हा उघडा, तोपर्यंत जुनीच वाट राहते.

इथेच जुना हेडसेट विकत घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या पद्धतीवर चालणारे हेडसेट 2017 पासून अनेक कंपन्यांनी काढले. आज ते जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात. विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ही पद्धतच काढून टाकली. काल चालणारा हेडसेट अपडेटनंतर आज ओळखलाच गेला नाही, तर दोष त्या जोड-सॉफ्टवेअरचा नाही. पैसे मोजण्याआधी हेडसेट कुठल्या पद्धतीचा आहे ते विचाराच.

चित्र दिसू लागलं की खऱ्या तक्रारी सुरू होतात. त्या समजायच्या तर दुसरा डोळा कसा तयार होतो ते माहीत हवं. भंडारदऱ्याच्या धरणावर उभं राहून कळसूबाईकडे पाहा. एक डोळा मिटा, मग दुसरा. 1646 मीटर उंचीचा तो डोंगर दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखाच दिसतो. हाताजवळचा कठडा मात्र डोळा बदलताच बाजूला उडी मारतो. दोन डोळ्यांत सरासरी 63 मिलिमीटरचं अंतर असतं आणि जवळच्या वस्तूची खोली मेंदूला त्या उडीवरून कळते. सॉफ्टवेअर ही उडी दोन प्रकारे तयार करतं. पहिल्या प्रकारात गेमने प्रत्येक बिंदू किती लांब आहे याची जी नोंद ठेवलेली असते, तिच्यावरून एकाच चित्रातले जवळचे बिंदू सरकवले जातात. हे स्वस्त पडतं. पण कठड्यामागे काय आहे ते गेमने काढलेलंच नसतं, म्हणून जवळच्या वस्तूंच्या कडेला पाघळल्यासारखी किनार दिसते. ती किनार बिघाड नाही, त्या पद्धतीची मर्यादा आहे. खोली थोडी कमी केली की ती सुसह्य होते. दुसऱ्या प्रकारात सगळं दृश्य दोन जागांवरून दोनदा काढलं जातं. खोली खरी मिळते, पण ग्राफिक्स कार्डावरचा भार जवळपास दुप्पट होतो. सावली किंवा पाण्यातलं प्रतिबिंब एकाच डोळ्यात दिसलं, तर ते या दुसऱ्या पद्धतीचं दुखणं आहे. आधी मेनूतून चित्र काढण्याची पद्धत बदला. नाही जमलं तर गेममधल्या सावल्या आणि प्रतिबिंबं खाली आणा. हलताना चित्र पुसट करणारा मोशन ब्लर तर पहिल्याच दिवशी बंद करावा.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम आणला. भाऊ गोलूच्या शोधात निघालेल्या राजीची ती गोष्ट. गेम अनरीयल इंजिन 4 वर बनला आहे, म्हणजे यूईव्हीआरच्या घराण्यातला. असा गेम हेडसेटमध्ये उघडल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘मी राजीच्या डोळ्यांनी का पाहत नाही?’ कारण या गेमचा कॅमेरा लांबवर, उंचावर, कर्त्यांनी ठरवलेल्या जागी असतो आणि खेळणाऱ्याने तो फिरवायचा नसतो. हेडसेटमधून पाहिल्यावर असं जग कळसूत्री बाहुल्यांच्या रंगमंचासारखं समोर मांडलेलं वाटतं. माझ्या मते ते सुंदरच आहे, त्याला बिघाड समजून मोडतोड करू नये. खरा त्रास वेगळ्या ठिकाणी होतो. कॅमेरा खाली झुकलेला असल्यामुळे तुम्ही सरळ बसलात तरी जमीन चढासारखी वर आलेली दिसते आणि पोटात ढवळायला लागतं. यासाठी कॅमेऱ्याचं झुकणं डोक्यापासून वेगळं करायची सोय यूईव्हीआरच्या मेनूत आहे. ती चालू करा, म्हणजे जमीन जमिनीच्या जागी येते. वस्तू फारच प्रचंड किंवा फारच चिमुकल्या वाटल्या, तर त्याच मेनूत जगाचं मोजमाप कमी-जास्त करता येतं.

आता अडखळण्याबद्दल. हेडसेट सेकंदाला 90 चित्रं मागत असेल, तर एका चित्राला सुमारे 11.1 मिलिसेकंद मिळतात आणि 72 मागत असेल तर 13.9. पडद्यावर 40 चित्रांत मजेत चालणारा गेम इथे म्हणूनच धापा टाकतो. आधी हेडसेट 72 वर आणा, मग चित्राचा आकार कमी करा. लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. गेम मोठ्या कार्डावर चालतोय की प्रोसेसरमधल्या छोट्यावर, ते विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पाहून ठरवून द्या. आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा, कारण बॅटरीवर तो आपला वेग आपणच कमी करतो.

राजूरसारख्या गावात याला आणखी एक पदर आहे. त्याच संध्याकाळी भाच्याचा गेम मस्त चालू झाला आणि पावसात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, हेडसेटची स्वतःची बॅटरी होती, पण वायफायचा राउटर बंद पडला. हेडसेटमध्ये गाडी जागच्या जागी थिजली. भाचा पुन्हा सॉफ्टवेअर काढायला निघाला होता! बिनतारी खेळताना चित्र लॅपटॉपपासून राउटरपर्यंत आणि तिथून हेडसेटपर्यंत जातं, घराबाहेर जात नाही. म्हणूनच गेम एकदा उतरवून घेतला की गावातलं इंटरनेट हळू आहे याचा चित्रावर परिणाम होत नाही. राउटर आणि लॅपटॉप यांमध्ये लॅनची वायर टाका, हेडसेट 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर त्याच खोलीत ठेवा आणि जमलं तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हे सॉफ्टवेअर एकट्याने खेळायच्या गेमसाठीच वापरा. चालू गेमच्या आत शिरणं हे फसवणूक करणाऱ्या प्रोग्रॅमचंही काम असतं आणि ऑनलाइन गेमचे पहारेकरी त्यात फरक करत नाहीत. वर्षानुवर्षं जपलेलं खातं कायमचं बंद होऊ शकतं. आणि खेळताना मळमळ सुरू झाली, तर ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका. हेडसेट त्याच क्षणी काढा आणि त्या दिवशी पुन्हा घालू नका.

अडलेल्या वाचकांनी पत्रात एवढं जरूर लिहावं : गेमचं नाव, ग्राफिक्स कार्ड, हेडसेट, ओपनएक्सआरसाठी कोणत्या रनटाइमची नोंद आहे, मेनूची कळ दाबल्यावर मेनू येतो की नाही, आणि बिघडण्याआधी शेवटचा बदल कोणता केला होता. एवढं कळलं, तर पुढच्या आठवड्यात नेमकं उत्तर देता येईल.