पार्ट बंद, गाडी चालू

‘पार्ट बंद झालाय’ असं सांगून दुकानदार वही मिटतो, तिथून जुन्या टाटा सिएराच्या मालकाचा खरा शोध सुरू होतो. तीन दारांची ही गाडी १९९१ साली टेल्कोच्या, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सच्या, पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि २००३ मध्ये बंद झाली. निगडी-पिंपरीचा औद्योगिक पट्टा त्या कारखान्याच्या आसपासचाच. जिथं गाडी जन्मली तिथंच तिचे भाग मिळू नयेत, हे मनाला लागतं. पण मिळत नाही ते घडवून घ्यायला या पट्ट्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

इंजिनावाचून फारसं अडत नाही. सिएरा टाटामोबाईल पिकअपच्या पायावर उभी आहे. दोघींचं १,९४८ सीसीचं डिझेल इंजिन एकच, तेच पुढे १९९४ च्या सुमोतही आलं आणि सुमो २०१९ पर्यंत बनत होती. म्हणून पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात ‘सिएराचा पार्ट’ मागू नये, ‘टाटामोबाईलचा’ किंवा ‘सुमोचा’ मागावा.

त्यापुढची पायरी म्हणजे गाडीचं नाव सोडून माप विचारणं. बेअरिंगच्या कडेवर ६२०५ असं कोरलेलं असेल, तर शेवटच्या ०५ ला पाचानं गुणायचं: आतला व्यास २५ मिलिमीटर. बाहेरचा ५२, रुंदी १५. गाडी कुठलीही असो, हे बदलत नाही. ऑइल सीलही असेच तीन आकडे सांगून मिळतं. बुश मात्र लेथवर काढून घ्यावा लागतो, आणि इथं टर्नरचा अनुभव कामी येतो. झिजलेल्या सॅम्पलचं माप खोटं असतं. व्हर्निअर लावायचा तो न घासलेल्या कडेला, नाहीतर थेट शाफ्टला. भोसरी-तळवड्याच्या छोट्या शेडमध्ये एका नगासाठी मशीन थांबवणारा माणूस भेटला, तर त्याचे उपकार मानावेत.

स्टिअरिंग आणि ब्रेकच्या भागांवर हे प्रयोग नकोत. फोर्ज केलेल्या तुकड्यात धातूचे तंतू आकाराबरोबर वळलेले असतात. तोच आकार सळईतून कापून काढला की ते तंतू तुटतात. दिसायला सारखाच, भाराखाली दगा देणारा.

लोखंड ऐकतं, काच ऐकत नाही. सिएराची सारी शान तिच्या मागच्या बाजूच्या, छताकडे वळलेल्या, न उघडणाऱ्या काचांत आहे. अशी टफन्ड काच ६०० अंशांपुढे तापवून साच्यावर वाकवतात आणि हवेच्या झोतानं झटक्यात थंड करतात. पृष्ठभाग दाबात राहतो, गाभा ताणात. एकदा तयार झाली की ती कापता येत नाही, कापायला गेलं की दाणे दाणे होतात. एका गाडीसाठी साचा आणि भट्टी कोण लावणार? काही जण फायबरच्या साच्यावर ॲक्रिलिकची शीट मऊ करून बसवतात. लांबून शोभतं, पण ओरखडे लवकर पडतात आणि मूळ काचेची ती चकाकी येत नाही.

मग उरतं भंगार. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडली, तेव्हा शोधण्याची एक जागा कमी झाली. कुठे सिएरा मोडीत निघाल्याचं कळलं, तर इंजिनाकडे बघत बसू नये. आधी दोन्ही काचा उतरवाव्यात, गोधडीत गुंडाळाव्यात आणि माळ्यावर उभ्या ठेवाव्यात.