ठासणीच्या बंदुका आणि गोळीबार मैदानावरील सुरक्षाविधी : एक कारणमीमांसा

नळीच्या तोंडातून प्रथम दारू व नंतर गोळी घालून ती गजाने ठासली जाते, अशा बंदुकीस ठासणीची बंदूक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरण्याच्या बंदुका रूढ झाल्या आणि रणांगणावरील तिचे स्थान संपुष्टात आले. क्रीडाप्रकार म्हणून मात्र ती टिकून राहिली. अमेरिकेत 1933 मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन, ब्रिटनमध्ये 1952 मध्ये मझल लोडर्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन आणि 1971 मध्ये 'एमएलएआयसी' ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. अशा संस्थांच्या मैदानांवरील सुरक्षाविधी नवख्यास अवाजवी काटेकोर वाटतात. त्यांमागील कारणे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधुनिक रायफल मागून भरली जाते; भरणाऱ्यास नळीच्या तोंडापुढे यावे लागत नाही. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराच्या वेळी नेमबाजाचा हात नळीच्या तोंडावर येतो, आणि सावध न राहिल्यास चेहराही. म्हणजे येथे धोका बार उडविण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बंदूक भरण्यात आहे. बहुतेक नियमांचा रोख त्यामुळेच भरण्याच्या क्रियेवर आहे.

सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू ठिणगीने तत्काळ पेटते. तिच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या पदार्थांपैकी वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूप असतो. त्यातील काही धुरावाटे निघून जातो, उरलेला काजळीच्या रूपाने नळीत साचतो. या काजळीत क्वचित एखादा निखारा धुगधुगत राहतो. अशा नळीत दारूच्या शिंगातून थेट दारू ओतली, तर ज्वाला धारेबरोबर शिंगापर्यंत पोहोचते आणि हातातील शिंगाचाच स्फोट होतो. तीच ज्वाला एका बारापुरत्या मापावर भागली, तर इजा होईल, पण ती मर्यादित राहील. म्हणूनच दारू आधी स्वतंत्र मापात घ्यावयाची आणि मगच नळीत ओतावयाची. 'एमएलएआयसी'च्या स्पर्धांत तर प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून लहान कुप्यांत आणावी लागते. दोन बारांच्या मध्ये ओलसर चिंधी नळीत फिरविण्याचा प्रघात निखारा विझविण्यासाठीही आहे. गोळीबार रेषेवर धूम्रपानास बंदी असते. दारूची पेटी मागे, झाकण लावून ठेवली जाते. कारण चकमकीच्या बंदुकीच्या कानातून निघणारी ज्वाला बाजूला उडते आणि शेजाऱ्याची दारू पेटवू शकते. रंजक घालणे किंवा टोपी बसविणे ही अखेरची क्रिया होय. ती गोळीबार रेषेवर, नळी लक्ष्याच्या दिशेस असतानाच करावयाची असते.

गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. दोहोंत पोकळी राहिल्यास दाबामुळे नळी फुगण्याचा वा फुटण्याचा संभव असतो. यावर उपाय अगदी साधा आहे : योग्य भरलेल्या नळीत गज कोठवर जातो, याची खूण गजावरच करून ठेवणे. एका बारावर दुसरा भरला गेल्यास तेही हीच खूण सांगते. ही चूक किती सहज होते, याचे उदाहरण अमेरिकन यादवी युद्धात सापडते. 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या सत्तावीस हजारांवर बंदुकांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्या होत्या आणि त्यांतील निम्म्या बंदुकांत दोन-दोन बार ठासलेले होते, अशी नोंद आहे. धुराच्या गदारोळात आपला बार उडालाच नाही, हे अनेकांच्या ध्यानी आले नसावे.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक खाली घ्यावयाची नाही. दारू उशिरा पेट घेऊ शकते. म्हणून नळी लक्ष्याकडे रोखून किमान 1 मिनिट थांबावे लागते. त्यानंतरच कान साफ करून पुन्हा रंजक घालण्याचा किंवा नवी टोपी बसविण्याचा प्रयत्न होतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे काळ्या दारूऐवजी धूरविरहित दारू भरणे. पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये सिद्ध केलेली ही नायट्रोसेल्युलोजची दारू तितक्याच आकारमानात कितीतरी अधिक दाब निर्माण करते. काळी दारू आकारमानाने मोजण्याची पद्धत असल्याने गफलतीस वाव राहतो, आणि परिणामी नळी हातातच फुटते.

कोकणात ठासणीची बंदूक हा खेळ नव्हे. तेथे ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर शेतकऱ्याच्या घरी असते. डुकरा-माकडांच्या मागे निघालेल्या माणसाजवळ रेंज अधिकारी नसतो, लाल निशाण नसते. तेथे एक प्रश्न विशेष तीव्र होतो. काडतुसाची बंदूक क्षणात रिकामी करता येते. ठासणीची बंदूक रिकामी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती उडविणे. दारू महाग आणि जनावर तर दिसले नाही, अशा वेळी बंदूक भरलेलीच घरी नेण्याचा मोह होतो. मैदानावर हे चालत नाही : सत्र संपताना प्रत्येक भरलेला बार मातीच्या बांधावर उडविला जातो किंवा स्क्रू लावलेल्या गजाने गोळी बाहेर काढली जाते, आणि मगच बंदूक रेषेमागे जाते. टोपी काढून टाकली की बंदूक निर्धोक झाली, असा समज आढळतो. पण दारू आत आहे तोवर ती भरलेलीच असते, आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या बंदुकीकडे पाहून घरातील दुसऱ्या कोणास ते कळत नाही.