चारही बाजूंनी

भंडाऱ्याची शासकीय आयटीआय. फिटर ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या बाकांवर एकदमच कानशी चालताहेत. या करकराटात शेजाऱ्याशीही ओरडूनच बोलावं लागतंय.

खिडकीजवळ मोहाडीकडचा एक मुलगा बेंच व्हाइसमध्ये एम.एस.चा, म्हणजे माइल्ड स्टीलचा तुकडा आवळतोय. जॉब आहे मेल-फिमेल स्क्वेअर फिटिंगचा. एका पट्टीत चौकोनी खाच आणि तिच्यात नेमका बसणारा चौकोनी ठोकळा, दोन्ही हातानं घडवायचे. ड्रॉइंगवर सूट आहे ±०.०४ मिमी.

कानस ढकलायला लागताना डाव्या हाताचा दाब जास्त, मधे दोन्हींचा सारखा, शेवटी उजव्याचा. हे साधलं नाही तर कानस झोके खाते, कडा झिजतात आणि मध्ये फुगवटा उरतो. मुलगा जॉब सोडवतो, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरतो. पातं मध्ये टेकलंय, दोन्ही कडांशी उजेडाची बारीक रेघ.

"सर, उजेड दिसून राहिला."

"मग?"

"मधातलं काढतो."

तो बारीक कानशीवर खडू घासतो. खडूमुळं दात्यांत किस अडकत नाही, नाहीतर एकच कण चकचकीत पृष्ठावर ओरखडा काढतो. मग सवयीनं अंगठा जॉबवर फिरवायला जातो.

"बोट नको लावू बाप्पा! घाम लागला की कानस घसरते."

पलीकडे लाखनीची एक मुलगी व्हर्नियर डोळ्याजवळ धरून उभी आहे. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग, म्हणून यावर ०.०२ मिमीपर्यंत वाचता येतं. कोणती रेघ कोणत्या रेघेला जुळली, एवढंच ती शोधतेय. "पंचवीस पूर्णांक शून्य सहा," ती स्वतःशीच म्हणते. पाहिजेत पंचवीस. म्हणजे सूट धरूनही दोन शतांश जास्त. ठोकळा पुन्हा व्हाइसमध्ये.

हातांसोबत गप्पाही चालू आहेत. वरठीचं सनफ्लॅग, जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, गडेगावचं अशोक लेलँड. दोन वर्षांचा ट्रेड संपला की अप्रेंटिसशिप कुठं मिळेल, याचाच हिशोब. १९६१ च्या कायद्यानं मोठ्या कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण तिथं आधी हात पाहतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"सर, कंपनीत तर सीएनसी आहे न. मग हे कानस कायले?" मागून एक आवाज येतो.

"सीएनसी बंद पडली की कोणाले बोलावतेत? फिटरलेच न!"

तोवर मोहाडीचा मुलगा ठोकळा खाचेत सरकवतो. बसतो! चेहरा उजळतो. सर ठोकळा काढून घेतात, पाव फेरा फिरवून परत लावतात. अडकला.

"गिअरबॉक्समधला पार्ट बाजू पाहून बसते का रे? चारही बाजूंनी बसला पाहिजे."

मुलगा ठोकळ्याला निळ्या रंगाचा पातळ हात देतो, खाचेत दाबून बाहेर काढतो. धानाच्या बांधीत पाणी भरलं की उंचवटा जसा उघडा पडतो, तसा खाचेच्या एका कोपऱ्यात निळा ठिपका उमटलाय. बाकी भिंत कोरी.

"सापडला," तो म्हणतो आणि त्या कोपऱ्यात मावेल अशी बारकी कानस मागतो.