कारचा ब्लोअर खडखडतोय? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा

आष्टी परिसरात कापूस-सोयाबीनच्या हंगामात रस्त्यावर धूळ, पालापाचोळा उडतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतून तो कारच्या ब्लोअरपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात ब्लोअर बंद पडला तर काचेवर आतून वाफ धरते आणि समोरचे दिसत नाही. म्हणून दुरुस्ती लांबवू नका.

दोष कसा ओळखाल?
• वेग वाढवताच खडखड वाढते : पंख्यात कचरा.
• चीं-चीं आवाज : मोटरचे बुश झिजले.
• फक्त सर्वांत जास्त वेगावर चालतो : बहुधा रेझिस्टर गेला, मोटर ठीक.
• अजिबात चालत नाही : आधी फ्यूज पाहा. नवा तेवढ्याच अँपिअरचा लावा.

सफाई कशी कराल?
इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बहुतेक गाड्यांत ब्लोअर डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. प्लग व स्क्रू काढून तो उतरवा. पाती मऊ ब्रशने झाडा. पाणी मारू नका. पात्यावरची छोटी क्लिप तोल राखते, ती काढू नका. केबिन फिल्टरही झटका. पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका.

जळका वास आला तर ब्लोअर लगेच बंद करून ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.