औषधाच्या कानगोष्टी

राजपुरीच्या खाडीवर वसलेल्या आणि फेरीबोटीने समोरच्या दिघीशी जोडलेल्या मौजे आगरदांडा येथे, किंवा कोकणपट्टीतील तशा कोणत्याही गावी, औषधोपचार चालू असलेल्या माणसाला एकाएकी कोणी हाका मारू लागले, ओटीवर चिटपाखरू नसताना दोघांचे बोलणे ऐकू येऊ लागले, तर घरच्यांचा पहिला तर्क बाहेरच्या बाधेकडे धावतो आणि दुसरा वेडाकडे. उशाशी ठेवलेल्या गोळ्यांचा संशय सहसा कोणाला येत नाही. वास्तविक चौकशीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा. जंतूंच्या संहारासाठी घेतलेले प्रतिजैविक क्वचित प्रसंगी मेंदूच्या कारभारातही हात घालते, ही वैद्यकाच्या दप्तरी फार पूर्वीच दाखल झालेली हकीकत आहे.

1959 साली होइन्ये या स्विस वैद्याने आपल्या सहकाऱ्यासह प्रोकेन पेनिसिलिनच्या सुईनंतरचा एक विलक्षण प्रकार वर्णिला. सुई टोचून होते न होते तोच रोग्याला आपण आता मरणार अशी अनिवार भीती ग्रासते, कानांत चमत्कारिक आवाज घुमू लागतात, डोळ्यांपुढे नसलेली दृश्ये उभी राहतात. आणि रक्तदाब मात्र कोसळत नाही, म्हणजे ही नेहमीची जीवघेणी ॲलर्जी नव्हे. थोड्या मिनिटांत सारे शमते. औषधाचा अंश चुकून रक्तवाहिनीत शिरून मेंदूपर्यंत पोहोचत असावा, असा तर्क त्यावर केला जातो.

महाराष्ट्राचा या विषयाशी निकटचा संबंध आला तो क्षयामुळे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील सरकारी उपचारक्रम 2007 साली देशात प्रथम गुजरातेत आणि आपल्या राज्यात सुरू झाला, आणि त्यातील एक प्रमुख औषध होते सायक्लोसेरीन. मेंदूतील ज्या ग्राहकांवर ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य काम करते त्यांतील एका जागी हे औषध जाऊन बसते. शिवाय ब-6 जीवनसत्त्वाच्या कार्यात ते अडथळा आणते, आणि मेंदूचा लगाम म्हणता येईल असे गाबा हे द्रव्य तयार होण्यास तर तेच जीवनसत्त्व लागते. म्हणून सोबत पायरिडॉक्सिनची गोळी देण्याचा दस्तूर पडला, जरी तिच्या उपयोगाचा पुरावा अपेक्षेपेक्षा तोकडाच आहे. 2013 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, हे औषध घेणाऱ्या शंभरांतील सुमारे पाच-सहा रोग्यांना मानसिक उपद्रव होतो: खिन्नता, संशय, भास, कधी आत्महत्येचे विचार. दोन-दोन वर्षे चालणाऱ्या उपचारात, आधीच रोगाने आणि लोकलज्जेने खचलेल्या माणसाची खिन्नता कोणती औषधाची आणि कोणती परिस्थितीची, याचा निवाडा करणे महाकठीण. कानी पडणारा आवाज त्या मानाने सरळ पुरावा देतो. आता आलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमातून सायक्लोसेरीन वगळले आहे. दीर्घ क्रमात मात्र ते अजून टिकून आहे.

परंतु केवळ क्षयाचीच औषधे दोषी आहेत असे नव्हे. अमेरिकेतील वैद्यांनी 2016 साली 391 रोग्यांच्या प्रकाशित नोंदी तपासल्या, तेव्हा 54 प्रतिजैविकांवर ठपका आला, आणि जवळजवळ निम्म्या रोग्यांना भ्रम वा भास झाले होते. या यादीत सिप्रोफ्लोक्सासिन आहे. खोल समुद्रात जाणारा खलाशी लघवीच्या जळजळीवर दुकानातून ही गोळी परस्पर घेतो आणि कंबरदुखीसाठी वेदनाशामकाची जोड देतो. काही वेदनाशामके गाबाच्या कार्यातील तिचा अडथळा अधिक तीव्र करतात, याची त्याला कल्पना कोठून असणार! मूत्रपिंड दुबळे असेल तर काही औषधांचा निचरा मंदावून धोका वाढतो, आणि म्हातारपणी तर ती शक्यता आधीच मनात धरावी लागते.

हे उपद्रव विरळ आहेत हे पुनःपुन्हा सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी क्षयाचा इलाज स्वमताने सोडील, आणि अर्धवट सोडलेला क्षय औषधांना आणखीच निबर होतो. आवाज येऊ लागल्यास मुरूडचे ग्रामीण रुग्णालय किंवा अलिबागचे जिल्हा क्षयरोग केंद्र गाठून कोणती गोळी कोणत्या तारखेपासून चालू आहे ते सांगावे; मात्रा कमी करणे, औषध बदलणे, काही काळ मनोविकारावरील औषध देणे, या तजविजी वैद्याच्या हाती आहेत. संशयित औषध थांबवल्यावर भास बहुधा काही दिवसांत ओसरतात. अशा घटनांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम 2010 पासून चालू असून त्याचे मुख्य दप्तर गाझियाबादला आहे, आणि तेथे रोग्याला स्वतःलाही तक्रार देता येते. त्यासाठीचा विनाशुल्क क्रमांक 1800-180-3024.