धबधब्याकडे निघण्यापूर्वी डोंगरमाथा पाहा

जूनमध्ये दोन-चार दमदार सरी पडल्या की खारघरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून समोरच्या डोंगरावर एक पांढरी रेघ दिसू लागते. हा पांडवकडा. सुमारे १०७ मीटर उंचीचा, म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारतीएवढा धबधबा रेल्वे स्थानकापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे. महाबळेश्वरला जायचे तर घरोघरी आठवडाभर तयारी चालते. पांडवकड्याला किंवा बेलापूरच्या डोंगरातल्या ओढ्यांवर जायला मात्र रविवारी सकाळी चपला अडकवल्या की झाले. जवळ असल्यामुळेच या सहलीची आखणी कोणी करत नाही, आणि नेमका तिथेच घात होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पांडवकड्याच्या परिसरात सहलीला आलेल्या चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये खारघरच्या डोंगरात ओढ्यापलीकडे अडकलेल्या ११६ जणांना अग्निशमन दलाने दोर आणि शिड्या लावून बाहेर काढले. त्यांत ७८ महिला आणि पाच मुले होती. जुलै २०२४ मध्ये सीबीडी बेलापूरच्या डोंगरात सुमारे ६० जण असेच अडकले. त्याच्या आदल्याच आठवड्यात, ३० जूनला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट समान होती. माणसे ओढ्यात उतरली तेव्हा पाणी कमी होते.

पाणी येते कुठून?

आपल्या डोक्यावर पडणारा पाऊस आणि पायाखालून वाहणारे पाणी यांचा थेट संबंध नसतो. ओढ्यातले पाणी वरच्या पाणलोट क्षेत्रात पडलेल्या पावसाचे असते. खारघरचा डोंगर सह्याद्रीसारखाच बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. कातळावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पावसाळ्याच्या सुरुवातीला ही माती थोडेफार पाणी पिते. जुलैपर्यंत ती भिजून चिंब झालेली असते. मग पडलेला बहुतेक थेंब जिरण्याऐवजी उतारावरून खाली धावतो.

याचा हिशेब घरबसल्या मांडता येतो. समजा, माथ्यावरच्या एक चौरस किलोमीटर भागात अर्ध्या तासात २५ मिलिमीटर पाऊस झाला. कोकणातल्या सरीसाठी हे काही विशेष नाही. तेवढ्या पावसाचे पाणी होते अडीच कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर. यातला निम्मा भाग जरी एका घळीतून तासाभरात खाली आला, तरी घोट्याएवढा ओढा कमरेएवढा व्हायला काही मिनिटे पुरतात. त्यातच समुद्राकडून आलेले बाष्पाचे वारे डोंगराला अडून वर चढतात आणि तिथे पाऊस वाढतो. म्हणून खाली उघडीप असते, फोटो छान येत असतात आणि त्याच वेळी माथा ढगात बुडालेला असतो.

गुडघाभर पाण्याचा जोर

‘गुडघाभर तर पाणी आहे’ हे वाक्य धोक्याचे आहे. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. ढोबळ हिशेबाने, गुडघाभर पाणी ताशी सात किलोमीटर, म्हणजे माणसाच्या भराभर चालण्याच्या वेगाने वाहत असेल, तर प्रौढ माणसाच्या दोन पायांवर २५ ते ३० किलोंचा रेटा येतो. तेच पाणी दुप्पट वेगाने आले की हा रेटा शंभर किलोंच्या पुढे जातो. पाणी वर चढते तसे ते शरीराला उचलूनही धरते, त्यामुळे पायांची पकड सुटते. खाली शेवाळलेला कातळ असेल तर ती आधीच नावापुरती असते. मुलांचे वजन कमी, उंची कमी. त्यांचे पाय सर्वांत आधी सुटतात.

थेट धाराखाली उभे राहण्याची हौस आणखी घातक. पाण्याबरोबर वरून दगडही येतात. १०७ मीटरवरून सुटलेला दगड खाली पोहोचायला पाच सेकंदही लागत नाहीत आणि हवेचा विरोध सोडला तर तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १६५ किलोमीटर असतो. मुठीएवढा दगडही जीव घेऊ शकतो. धबधब्याखालच्या डोहात पाणी फेसाळलेले असते. त्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने ते शरीराला नेहमीसारखे तोलून धरत नाही आणि कोसळती धार माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढते. पोहण्याच्या तलावात तरबेज असलेल्याचाही तिथे टिकाव लागत नाही.

आदल्या रात्रीची आखणी

पहिला प्रश्न, त्या ठिकाणी जायला परवानगी आहे का? पांडवकडा परिसरात पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश वर्षानुवर्षे निघत आले आहेत आणि वाटेवर पोलीस व वन विभागाचा पहारा असतो. आडवाटेने आत शिरणाऱ्याला दंडाचा धोका असतोच. पण तो अडकला तर आत कोणी आहे हे बाहेर कोणालाच ठाऊक नसते. नवी मुंबईतील डोंगरांसाठी पोलिसांचे आणि रायगडमधील धबधब्यांसाठी जिल्हा प्रशासनाचे आदेश त्या आठवड्यात काय आहेत, हे वर्तमानपत्रांत पाहून मगच ठिकाण ठरवावे.

दुसरा प्रश्न हवामानाचा. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाला ‘जोरदार’ आणि ११५.६ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘अति जोरदार’ म्हणते. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करावा, त्यात वाद नको. मात्र यलो अलर्ट म्हणजे मोकळीक नव्हे. अंदाज संपूर्ण जिल्ह्याचा आणि पूर्ण दिवसाचा असतो. अर्ध्या तासाची एखादी सर कोणत्या घळीवर कोसळेल हे तो सांगत नाही. म्हणून निघताना आणि पोहोचल्यावर हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा इशारा पाहावा. तो ‘मौसम’ ॲपवर मिळतो. विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केले आहे. डोंगरात रेंज जाते, त्यामुळे सगळा भरवसा मोबाइलवर ठेवू नये.

तिसरा प्रश्न परतीचा. कुठे जाणार, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी सांगून निघावे. दुपारी तीन-चारनंतर डोंगरात थांबू नये. पकड असलेले बूट, एक शिट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, कोरडे कपडे आणि लांब मजबूत दोर एवढे सामान पुरे. मद्य नको; ते तोल आणि अंदाज दोन्ही बिघडवते.

आणि तिथे पोहोचल्यावर पाळायचा एकच कडक नियम म्हणजे परतीची वाट ज्या काठावर आहे, तो काठ सोडू नये. खारघर-बेलापूरच्या डोंगरांत माणसे अडकतात ती सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी अडवतो म्हणून. स्वच्छ पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत येऊ लागली, आवाज वाढला किंवा नजरेत धरलेला दगड बुडाला, की सामान गोळा करत न बसता लगेच उंच जागी जावे.

अडकलात तर थांबा

छोट्या ओढ्याची एक बाजू माणसाच्या भल्याची आहे. तो जसा झपाट्याने चढतो, तसा पाऊस थांबल्यावर उतरतोही, बहुधा काही तासांत. पलीकडच्या काठावर अडकलेली माणसे सुरक्षितच असतात. अंधार पडेल, घरचे ओरडतील, उद्या कामावर जायचे आहे, म्हणून ती पाण्यात पाऊल टाकतात आणि तिथे प्राण जातात. अशा वेळी उंचावर, पण झाडाखाली किंवा कड्याला टेकून नव्हे, एकत्र बसावे. कोरडे कपडे घालावेत, ११२ वर फोन करावा, शिट्टी वाजवत राहावे. रात्र काढावी लागली तर ती काढावी.

कोणी वाहून जाताना दिसले तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर, ओढणी, लांब काठी, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाकावे. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. तो श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा आणि मग ३० वेळा छाती दाबणे व दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. बुडण्यात शरीराला पहिली उणीव पडते ती प्राणवायूची, म्हणून श्वास देणे इथे फार महत्त्वाचे. शुद्धीवर आलेला माणूस ठणठणीत वाटला तरी १०८ ची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्यावे. फुप्फुसांतला त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. सर्पदंश झाल्यास आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता तो हात किंवा पाय हलू न देता रुग्णालय गाठावे.

घरी परतल्यावर

सहल पार पडली तरी पुढचे चार आठवडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. लक्षणे दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या पिळवटून निघाव्यात असे दुखणे, लाल डोळे ही त्यांची ओळख. तापाची गोळी घेऊन अंगावर काढू नये. डॉक्टरांना ‘पावसाच्या पाण्यात गेलो होतो’ हे आपणहून सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते. वेळेत औषध मिळाले तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांनीच ठरवावे. गर्भवती आणि लहान मुलांना ती सरसकट चालत नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नये.

मग पावसात जायचे कुठे? पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा अभयारण्य आहे. १९६८ मध्ये पक्ष्यांसाठी राखलेल्या या जंगलाला फाटक आहे, आत जाणाऱ्याची नोंद होते, वाटा ठरलेल्या आहेत. भर पावसात किल्ल्याची निसरडी चढण टाळून खालच्या वाटांवर फिरले तरी पावसाळी जंगल डोळे भरून पाहता येते. पांडवकड्यासाठी तर आत शिरण्याची गरजच नाही. आषाढातल्या दुपारी ढग थोडे वर सरकले की खारघरच्या रस्त्यांवरून तो पूर्ण दिसतो. गरम भजी हातात, पोरे शेजारी आणि मधे सुरक्षित अंतर. लांबून पाहिला तरी धबधबा तोच असतो.